श्रावक होण्याचे शिक्षण : विद्यार्थी आणि वाद्यवृंदाची मैफल

पाली भाषेत शिष्याला 'सावक' म्हणतात. मराठीत तोच शब्द 'श्रावक' असा आला आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'ऐकणारा' असा आहे. ज्याने पुष्कळ विद्या मिळविली त्याला आपण 'बहुश्रुत' म्हणतो. म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले तो. तथागतांची देशना प्रथम ताडपत्रावर उतरली नाही. भिक्खुसंघाने ती ऐकली, एकत्र बसून एका सुरात म्हटली आणि पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. म्हणूनच राजगृहाच्या त्या पहिल्या सभेला 'संगीती' हे नाव मिळाले. आपल्या परंपरेत विद्येचे पहिले द्वार कान आहे, हे या एका शब्दावरून ध्यानी यावे.

असे असता आपल्या शाळांमधून वाचणे शिकविले जाते, लिहिणे शिकविले जाते, अलीकडे बोलणेही शिकविले जाते; ऐकणे मात्र आपोआप येते असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात आम्ही ऐकण्याच्या शिक्षणाचे एक साधन वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते साधन म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदाची प्रत्यक्ष मैफल. परभणी जिल्ह्यातील निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. ते आश्चर्य दूर व्हावे आणि हा विषय आपल्याच मुलांचा आहे हे पटावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धम्म आणि संगीत : एक शंका

प्रथम एका शंकेचा विचार करू. पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहण्याचे शील घेतात. तेव्हा बौद्ध विद्यालयाने संगीताची शिफारस करावी काय, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येतो. याचे उत्तर असे की, गृहस्थाच्या नित्य पंचशीलात हे शील नाही. उपोसथाच्या दिवशी आणि श्रामणेराच्या जीवनात ते आहे. त्याचा हेतू मनाला त्या काळापुरते एका ठिकाणी आणण्याचा आहे.

त्रिपिटकात संगीताविषयी दोन प्रसंग मोठे बोलके आहेत. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व इंदसाल गुहेपाशी वीणा वाजवून गातो. भगवान त्याला थांबवीत नाहीत. उलट, त्याच्या तारांचा नाद गाण्याशी मिळून जातो आणि गाणे तारांच्या नादाशी मिळून जाते, दोहोंपैकी कोणीच दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही, अशा आशयाची प्रशंसा करतात. दुसरा प्रसंग अंगुत्तर निकायातील सोण स्थविराचा. चंपा नगरीतील श्रीमंत घरचा सोण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरी फळ दिसेना, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणावादक होता. भगवंतांनी त्याला तारांविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. प्रयत्नांचेही तसेच असते, हे सोणाला उमगले.

मिळून वाजणे आणि योग्य ताण राखणे, हीच दोन तत्त्वे वाद्यवृंदाच्या मुळाशी आहेत. तेव्हा हे संगीत परके, ते आपल्या धम्माशी विसंगत, असे मानण्याचे कारण उरत नाही.

वाद्यवृंद म्हणजे काय

आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेला वाद्यवृंद, ज्याला सिम्फनी वाद्यवृंद म्हणतात, तो निराळा. त्यात साधारणतः ऐंशी ते शंभर वादक असतात. समोर अर्धवर्तुळात तंतुवाद्ये : व्हायोलिनचे दोन गट, त्याहून किंचित मोठा व्हायोला, गुडघ्यांमध्ये धरून वाजविला जाणारा चेलो आणि माणसाहून उंच असा डबल बास. त्यांच्या मागे फुंकून वाजविण्याची वाद्ये : बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, मग पितळी शिंगे, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. सर्वांत मागे टिंपनी नावाचे मोठे नगारे आणि इतर तालवाद्ये. भारतीय शास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार प्रकार सांगितले आहेत. ते चारही येथे एका वेळी हजर असतात.

ही सारी वाद्ये आपल्या मुलांना अनोळखी नाहीत. लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये जे 'क्लॅरोनेट' वाजते, तेच हे क्लॅरिनेट. ध्वजवंदनाच्या वेळी पोलिसांच्या बँडपथकात चमकणारे ट्रंपेट तेच हे ट्रंपेट. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या पार्श्वभूमीला जो व्हायोलिनांचा ताफा ऐकू येतो, तोही याच घराण्याचा. वरातीत ही वाद्ये आपल्या कानांवर आदळतात. मैफलीत ती एकमेकांचे ऐकत वाजतात.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. आपल्या रागसंगीताच्या मैफलीत गायक तेथल्या तेथे विस्तार करतो. सिम्फनीत प्रत्येक वादकाचा प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. मधोमध उभा असलेला संचालक, ज्यास कंडक्टर म्हणतात, तो एकही स्वर वाजवीत नाही. वेग, जोर, समतोल आणि प्रवेशाचे क्षण तो हातांनी दाखवितो. शंभर माणसे आणि एक लिखित संहिता. पण त्या संहितेत प्राण भरावयाचा तो प्रत्येकाने आपापल्या जागेवरून.

महाराष्ट्रातील वाट

हे संगीत महाराष्ट्रात काल आलेले नाही. १९३५ साली मेहली मेहता या व्हायोलिनवादकाने मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. घरातच तालमी ऐकत वाढलेला हा मुलगा १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकावयास गेला आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्रायल येथील वाद्यवृंदांचा प्रमुख संचालक झाला. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट आपल्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. थोर संचालक तालमी कशा घेतात ते पाहण्याची तीव्र इच्छा होती. पण तालमीत बाहेरच्यांना प्रवेश नसे. तेव्हा झुबिन मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लॉडिओ अब्बाडो हे दोघे तेथील गायकवृंदात सामील झाले. गायक म्हणून उभे राहावयाचे आणि संचालकाचे हात पाहावयाचे. पुढे दोघेही जगविख्यात झाले. दार बंद दिसले तरी शिकू पाहणाऱ्याला दुसरे दार सापडते.

दुसरे नाव अँथनी गोन्साल्विस यांचे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. परंतु ते एका खऱ्या संगीतकाराचे नाव आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. गोव्यातील माजोर्डा गावचे हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते आणि शिष्याने त्या गाण्यातून गुरूचे स्मरण ठेवले. १९५८ च्या सुमारास गोन्साल्विस यांनी मुंबईत भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर आधारित रचना त्याच्याकडून वाजवून घेतल्या. राग आणि सिम्फनी यांचा मेळ घालण्याचा तो धाडसी प्रयत्न होता.

आज मुंबईत नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, ज्याला सर्वजण एन.सी.पी.ए. म्हणतात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे. २००६ साली खुशरू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांच्या साहाय्याने तो उभा केला. त्याचे मुख्य हंगाम वर्षातून दोनदा होतात. या वाद्यवृंदातील पुष्कळसे वादक परदेशातून येतात, कारण त्या दर्जाचे भारतीय वादक अद्याप थोडे आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने मुलांसाठी संगीत अकादमीही चालविली आहे. त्या रिकाम्या खुर्च्यांवर उद्या कोण बसणार, हा प्रश्न मुंबईच्या मुलांइतकाच जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या मुलांचाही आहे.

हे आपले आहे काय?

येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. परभणीहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर. रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईत पोहोचतो. हे अंतर काही फार नव्हे. त्याहून मोठे अंतर मनातले असते. 'ते मोठ्या लोकांचे', 'आपल्याला त्यातले काय कळणार', 'तेथे आपल्याला कोण बसू देईल', ही वाक्ये आपल्या मुलांच्या ओठांवर फार लवकर येतात.

त्यांना कारण आहे. गावगाड्यात हलगी, डफ, सनई ज्यांच्या हाती होती, त्यांच्या वाद्यावाचून गावाचा कोणताही सोहळा पुरा होत नसे. तरीही वाजविणारा दाराबाहेर उभा आणि ऐकणारा आत बसलेला, अशीच रीत होती. श्रोता म्हणून सन्मानाने आसनावर बसण्याचा अधिकार हा साधा अधिकार नव्हे. ज्यांचे आजोबा मांडवाबाहेर उभे राहून वाजवीत होते, त्यांची नात सभागृहात आपल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसून ऐकते, तेव्हा समाजाच्या इतिहासात काहीतरी बदललेले असते.

याबाबत बाबासाहेबांचे उदाहरण पुरेसे आहे. अहोरात्र ग्रंथांत आणि लढ्यात गुंतलेल्या या महामानवाने प्रौढ वयात व्हायोलिनचे धडे घेतले. त्यांचे व्हायोलिन पुण्यातील सिम्बायोसिस संस्थेच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात जतन केलेले आहे. पुण्यास सहल गेली तर ते अवश्य पाहावे. जगातील कोणतीही उत्तम गोष्ट आपल्याला वर्ज्य नाही, हे त्या लहानशा वाद्याकडे पाहून कळते.

अमेरिकेतूनही एक उदाहरण घेण्याजोगे आहे. १८९२ साली बोहेमियाचे संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचे प्रमुख झाले. ते स्वतः खाटकाचे पुत्र. त्या विद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असे. त्यांपैकी हॅरी बर्ले हा तरुण गुलामगिरीतून मुक्त झालेल्या एका आंधळ्या माणसाचा नातू होता. आजोबांकडून शिकलेली गुलामांची भक्तिगीते तो द्वोर्झाक यांना गाऊन दाखवी. अमेरिकेचे भावी संगीत या गीतांवर उभे राहील, असे द्वोर्झाक जाहीरपणे सांगू लागले. १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी सभागृहात त्यांची 'नव्या जगातून' ही सिम्फनी प्रथम वाजली. तिच्या दुसऱ्या भागातील संथ सूर ऐकताना अनेकांना त्या गीतांची आठवण होते. बरोबर वीस वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच शहरात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण दडपलेल्या माणसाच्या आवाजाला विद्यालयाने जागा दिली की काय घडते, हे दोहोंतही दिसते.

आणखी एक प्रथा सांगण्याजोगी आहे. परदेशातील अनेक वाद्यवृंदांत वादक निवडताना उमेदवार पडद्याआड बसून वाजवितो. परीक्षकांना त्याचे नाव, वर्ण, लिंग काहीच कळत नाही. केवळ वादन ऐकू येते. ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, कारण त्यापूर्वी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना फारशी संधी मिळत नसे. व्हिएन्नाच्या विख्यात वाद्यवृंदाने स्त्रीला पूर्ण सदस्यत्व दिले ते १९९७ साली. तेव्हा हे क्षेत्र भेदभावापासून मुक्त होते असे कोणी समजू नये. तेथेही दारे ठोठावून उघडावी लागली.

प्रत्यक्ष मैफलच का?

मोबाइलवर सारे संगीत उपलब्ध असता प्रवासाचा खटाटोप कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या लहानशा ध्वनिवर्धकातून खर्जाचे स्वर जवळजवळ निघतच नाहीत. डबल बासचा खोल नाद सभागृहात पायांखालच्या लाकडी फळीतून जाणवतो. अशा मैफलीत सहसा ध्वनिक्षेपक नसतो. शंभर वाद्यांचा मूळ नाद भिंतींवरून परावर्तित होऊन थेट कानी येतो. एकाच व्हायोलिनचा कुजबुजता सूर आणि सर्व वाद्यांचा एकत्रित गजर यांतील अंतर रेकॉर्डिंगमध्ये बरेच आकुंचित होते.

दुसरे कारण शांततेचे. मैफलीच्या आरंभी ओबोवादक एक स्वर लावतो आणि सारे वाद्यवृंद त्या स्वराशी आपले वाद्य जुळवून घेते. नंतर संचालक हात उचलतो आणि हजार माणसे एकाच वेळी निःशब्द होतात. विपश्यनेच्या वर्गाखेरीज इतक्या माणसांची अशी एकत्र शांतता आजच्या जगात क्वचितच अनुभवास येते.

तिसरे कारण डोळ्यांना दिसणाऱ्या शिस्तीचे. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग वाद्य मांडीवर ठेवून स्तब्ध बसलेले असतात. चौथ्या भागाच्या आरंभी ते प्रथमच वाजवितात आणि साऱ्या सभागृहाचा प्रकाश पालटल्यासारखा वाटतो. आपली वेळ येईपर्यंत जागरूकपणे थांबणे हेही वादनच आहे, हा धडा रेकॉर्डिंगमधून दिसत नाही. ही सिम्फनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. कडाक्याची थंडी, अपुरी तालीम, सुमारे चार तासांचा कार्यक्रम. त्यातील दुसरी एक रचना तर मध्येच विस्कटली आणि पुन्हा आरंभापासून वाजवावी लागली. बेथोव्हेनची श्रवणशक्ती तेव्हाच क्षीण होत चालली होती.

विद्यार्थ्याने कसे ऐकावे

प्रथम मैफलीस जाणाऱ्यासाठी काही सूचना उपयोगी पडतील.

१. जी रचना वाजणार असेल ती आधी एकदोनदा ऐकून जावी. ओळखीचा सूर गर्दीत भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखा आधार देतो.

२. आरंभासाठी सोप्या रचना निवडाव्यात. प्रोकोफिएव्हची 'पीटर आणि लांडगा' (१९३६) ही मुलांसाठीच रचली असून तीत प्रत्येक प्राण्याला एक वाद्य दिले आहे. ब्रिटनच्या 'तरुणांसाठी वाद्यवृंदाची ओळख' या रचनेत एकेक वाद्यगट पुढे येऊन आपला परिचय करून देतो. त्यानंतर बेथोव्हेनची पाचवी आणि द्वोर्झाकची 'नव्या जगातून' घ्यावी.

३. शंभर वाद्यांचे एकदम ऐकू जाऊ नये. एखादे वाद्य निवडून, उदाहरणार्थ चेलो, काही वेळ त्याच्या मागे जावे. मग दुसरे घ्यावे.

४. मन भरकटेल. त्याचा खेद करू नये. आनापानात मन श्वासावर परत आणतो, तसे ते हळूच स्वरावर परत आणावे. फार ताणून ऐकू नये, सैल सोडूनही ऐकू नये. सोणाची वीणा येथे आठवावी.

५. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात. दोन भागांमध्ये टाळ्या वाजवीत नाहीत. संचालक पूर्ण वळून श्रोत्यांकडे पाहील तेव्हा वाजवाव्यात. चुकून वाजली तर लाजू नये. पूर्वीच्या काळी भागांमध्येही टाळ्या पडत असत.

६. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. मोबाइल बंद ठेवावा. स्वच्छ, साधा पोशाख पुरेसा आहे. विद्यार्थ्यांना सवलत आहे काय, हे तिकीट घेण्यापूर्वी विचारावे. वरच्या सज्जातील आसने बहुधा स्वस्त असतात आणि तेथून सर्व वाद्ये स्पष्ट दिसतात.

७. परतल्यावर एक पान लिहावे : काय ऐकले, कोठे कंटाळा आला, कोणता क्षण राहिला. लिहिल्याने ऐकणे पक्के होते.

आपण काय करू शकतो

मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले आपले माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा दोन-चार मुलांना आपल्या घरी उतरवून घेऊन मैफलीस नेणे त्यांना अशक्य नाही. शुल्क भरण्याइतकेच हेही दान मोलाचे आहे. विद्यालयात रविवारी सायंकाळी चांगल्या ध्वनिवर्धकावर अर्धा तास 'श्रवणवर्ग' घेता येईल. एक आठवडा सिम्फनी, एक आठवडा किशोरी आमोणकर वा भीमसेन जोशी, एक आठवडा वामनदादा कर्डक यांची गाणी. तिन्ही ऐकणाऱ्याला तिन्ही अधिक कळतात. आपल्या बँडपथकातील मुलांना स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळाले, तर तेच पथक पुढील मोठ्या वाटेची पहिली पायरी ठरेल.

आणि एक गोष्ट नम्रपणे. आपल्या उत्सवांतून ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करण्याची रीत सर्वच समाजांत वाढली आहे, आपल्यातही वाढली आहे. छातीत धडधडणारा तो आवाज ऐकणाऱ्याला काही सांगत नाही. वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना तो त्रास देतो आणि तरुणांची श्रवणशक्ती कायमची दुबळी करतो. जलशांच्या परंपरेत ढोलकी, तुणतुणे, पेटी आणि मोकळ्या आवाजातील शब्द यांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला. लोकांनी तो ऐकला, म्हणून चळवळ उभी राहिली. ज्या मुलाचे कान घडले आहेत, तो जयंतीच्या दिवशी कशाची निवड करील, हे वेगळे सांगावयास नको.

सर्व मुले वादक होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. परंतु दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणे, आपली वेळ येईपर्यंत जागे राहणे, आणि आपला सूर इतरांच्या सुरांवर कुरघोडी न करता मिसळणे, हे डॉक्टरला, शिक्षकाला, सरपंचाला आणि शेतकऱ्यालाही लागते. ते पुस्तकातून पुरते येत नाही. शंभर माणसे ते करीत असताना एकदा समोर बसून पाहावे लागते. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी एवढे एक आसन तरी हक्काने मिळवो, अशी आमची मंगल कामना आहे.